त्रेपन्न नंबरचं सोंग घेऊन सिल्व्हरस्टोनला

लहानपणी आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा. पोलिसाची खाकी, तुटकी शिट्टी, आणि दारात उभं राहून मोठ्यानं दम भरायचा. तो खरा पोलीस नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं, तरी सगळं घर ओटीवर गोळा व्हायचं आणि आजी पसाभर जोंधळे घालायची. इंग्लंडमध्ये येऊन फोक्सवॅगनची जुनी बीटल घेतली, तिच्यावर तीन रंगांचे पट्टे ओढले, दारावर ५३ चिकटवला, आणि पहिल्याच शर्यतीच्या मैदानावर कळलं की आपण तोच धंदा करतोय.

ब्रिटनमधल्या क्लासिक, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतींना सिनेमातल्या गाडीची नक्कल पहिल्यांदा घेऊन जायची असेल, तर काय करावं आणि काय टाळावं, ते इथे सांगतो. माझी गाडी बीटल, म्हणून उदाहरणं तिचीच येतील. तुमची दुसरी असली तरी कागद, चिखल आणि वारा सगळ्यांना सारखेच.

सोंग कुणाचं, ते आधी ठरवा

'हर्बी', म्हणजे सिनेमातली ती आपोआप चालणारी ५३ नंबरची बीटल, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गाडी येते, पण सिनेमे बरेच आले आणि पट्ट्यांची मांडणी, आकड्याचं वळण, गोलाचा आकार यांत फरक पडत गेला. म्हणून एकच सिनेमा पक्का करा. मी पहिला धरला, १९६८चा 'द लव्ह बग'. त्यातली गाडी १९६३ची, मोतिया पांढरी, वर सरकतं कापडी छप्पर. पुढच्या मॉडेल वर्षापासून फोक्सवॅगननं कापडाऐवजी पत्र्याचं सरकतं छप्पर द्यायला सुरुवात केली, त्यामुळे कापडी छपराची ६३ची बीटल हवी असेल तर खिसा मोकळा ठेवा. नंबरप्लेट कॅलिफोर्नियाची, काळ्यावर पिवळी अक्षरं, ओएफपी ८५७. आणि ५३ हा आकडा आला बेसबॉलमधून: लॉस एंजेलिस डॉजर्सचा डॉन ड्रायस्डेल हा खेळाडू पाठीवर ५३ घालायचा, निर्मात्यानं तोच उचलला.

हे सगळं तोंडपाठ करा, कारण मैदानावर निम्मा वेळ हेच सांगण्यात जातो. माझी गाडी १९६५ची, छप्पर साधं पत्र्याचं, आणि स्टिअरिंग उजवीकडे. सिनेमातलं डावीकडे होतं. दर वर्षी कुणीतरी काच ठोठावून ही चूक दाखवतंच. मी मान डोलावतो. बहुरूप्याला 'तुझी शिट्टी तुटकी आहे' म्हणण्यासारखंच आहे ते.

पट्टे आणि गोल यांसाठी रंग वापरू नका, व्हिनाइल, म्हणजे चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ पत्रा, वापरा. साबणाच्या पाण्याची फवारणी करून मग चिकटवा, म्हणजे तुकडा सरकवून जागेवर आणता येतो, आणि प्लास्टिकच्या पट्टीनं मधूनच कडेकडे पाणी ढकला. थंडीत हे काम करू नका, व्हिनाइल वाकत नाही. दारावरचे गोल मात्र मी चुंबकाचे केलेत, का ते पुढे येईल. बॉनेट फार गोलसर आहे, तिथे चुंबक कडेनं उचलला जातो, त्यामुळे तिथे व्हिनाइलच.

कागदांत सोंग चालत नाही

वरून गाडी कुणीही असू दे, कागदोपत्री ती जी आहे तीच राहिली पाहिजे. इथे नव्या माणसांच्या दोन चुका होतात.

पहिली नंबरप्लेटची. सिनेमातली प्लेट लावून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणं बेकायदा आहे, दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. रस्त्यावर तुमची नोंदणीची प्लेटच हवी. मैदानावर गाडी उभी केली की मग ओएफपी ८५७ वरून अडकवा, निघताना काढा. गाडी १९८० पूर्वीची असेल आणि 'हिस्टॉरिक' वर्गात नोंदलेली असेल, तर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची जुन्या धाटणीची प्लेट कायदेशीरपणे लावता येते. ती सोंगालाही शोभते.

दुसरी चूक विम्याची. नक्कल केलेली गाडी म्हणजे बदल केलेली गाडी. पट्टे, आकडे, बदललेलं इंजिन, सगळं विमा कंपनीला लेखी कळवा आणि गाडीची किंमत आधी ठरवून घेणारी पॉलिसी घ्या. नाहीतर उद्या काही झालं तर तुमचं दोन वर्षांचं काम कंपनी 'एक जुनी बीटल' या भावात मोजेल. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेली तर विमा लागू होतो का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. बऱ्याच पॉलिसींत ट्रॅक वगळलेला असतो, आणि पुढच्या गाडीमागून हळू फिरणारी परेड त्यात धरतात की नाही, हे कंपनीगणिक बदलतं. उत्तर फोनवर नको, ईमेलवर घ्या.

गाडी चाळीस वर्षांहून जुनी असेल तर ती हिस्टॉरिक वर्गात नोंदवता येते. मग रोड टॅक्स शून्य, पण शून्याचाही टॅक्स दर वर्षी भरावा लागतो, म्हणजे अर्ज करावाच लागतो. चाळीस वर्षांवरच्या गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी या वार्षिक तपासणीतूनही सूट मिळते. माझं मत विचाराल तर सूट असली तरी तपासणी करून घ्या. परक्या माणसाला आपल्या गाडीखाली जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण तिच्या प्रेमात असतो. लंडनकरांनी जीव भांड्यात पडू द्यावा: हिस्टॉरिक गाड्यांना युलेझचा, म्हणजे धुराच्या निकषात न बसणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचा, भुर्दंड नाही.

कुठे जायचं आणि आत कसं शिरायचं

पहिल्या खेपेला मी सिल्व्हरस्टोनचं शर्यतीचं मैदान सुचवेन. ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या सुमारास तिथे तीन दिवसांचा महोत्सव भरतो. एकीकडे जुन्या गाड्यांच्या खऱ्या शर्यती, दुसरीकडे आतल्या मैदानावर वेगवेगळ्या क्लबांच्या गाड्यांच्या रांगा. तुम्हाला या रांगांत जायचंय. साधं प्रेक्षकाचं तिकीट काढून गेलात तर गाडी बाहेरच्या वाहनतळावर उभी राहील आणि तिला फक्त चुकून वाट हरवलेले लोक बघतील. म्हणून एखाद्या बीटल किंवा फोक्सवॅगन क्लबाचे सभासद व्हा आणि त्यांच्यामार्फत प्रदर्शनाचा पास घ्या. हे पास महिनोन्‌महिने आधी संपतात, तेव्हा विचारणा हिवाळ्यातच करा. अर्जात 'सिनेमातल्या गाडीची नक्कल' असं स्पष्ट लिहा. काही क्लबांना मूळ अवस्थेतल्या गाड्याच हव्या असतात. तिथे नाक मुरडून घेण्यापेक्षा दुसरा क्लब बरा.

गुडवुड सर्किटवरच्या 'रिव्हायव्हल' महोत्सवाचा मोह सगळ्यांनाच होतो. १९४८ ते १९६६ हा त्या सर्किटचा जुना काळ, तोच सप्टेंबरात तीन दिवस पुन्हा उभा करतात, लोकही त्या काळचे कपडे घालून येतात. १९६६ पूर्वीच्या गाड्यांसाठी तिथे वेगळं मैदान राखून ठेवलेलं असतं, आणि ती मैदानातली गर्दीच अर्धा सोहळा असते. माझी बीटल वयानं तिथे बसते, पण हर्बी बसत नाही: सिनेमा ६८चा. म्हणून गुडवुडला जाताना मी चुंबकाचे गोल घरी ठेवतो, आणि गाडी दारावर आकडा नसलेली पांढरी बीटल म्हणून उभी राहते. दर वेळी सोंग घेतलंच पाहिजे असं नाही.

फ्रान्समधलं ल मान क्लासिक तिसरं. तिथे क्लबांच्या हजारो गाड्या येतात आणि ट्रॅक साडेतेरा किलोमीटरचा आहे. पण समुद्र ओलांडून जुनी गाडी नेणं हे पहिल्या वर्षाचं काम नव्हे. गेलातच तर मूळ नोंदणीपत्र जवळ ठेवा, दिव्यांचा झोत उजवीकडच्या वाहतुकीसाठी वळवा, आणि मागे 'यूके'चं स्टिकर लावा. जुनं 'जीबी' आता चालत नाही.

गाडी धावायला नाही, उभी राहायला न्यायची आहे

हे वाक्य विचित्र वाटेल, पण सगळी तयारी यावरच बेतलेली आहे. शर्यतीच्या ठिकाणी तुमची गाडी शर्यत लावणार नाही. ती दीडशे किलोमीटर येईल, आठ तास गवतावर उभी राहील, तापलेल्या इंजिनानिशी रांगेत पाच-पाच फूट सरकेल, आणि संध्याकाळी परत घरी जाईल. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हे सरकणं सगळ्यात जड जातं.

सुरुवात पेट्रोलच्या रबरी नळ्यांपासून करा. बीटल जळण्याचं हे नेहमीचं कारण. नळी इंजिनाच्या उष्णतेनं चिरते, किंवा कार्ब्युरेटरमध्ये ठोकलेली पितळी तोटी सैल होऊन निघते, आणि पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडतं. सगळ्या नळ्या नव्या घाला, इथेनॉल सोसणाऱ्या, प्रत्येक टोकाला क्लिप. ब्रिटनमध्ये २०२१च्या सप्टेंबरपासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालंय, ते जुन्या रबराला खातं. कमी इथेनॉलचं, महागडं सुपर ई५ भरा. पेट्रोलचा फिल्टर इंजिनाच्या कप्प्यात लटकवू नका. आणि आग विझवायचा सिलिंडर पुढच्या सीटजवळ पक्का बसवा. बॉनेटखाली ठेवला तर तो पेट्रोलच्या टाकीशेजारी असेल. बीटलची डिकी पुढे आणि इंजिन मागे, हे ऐन वेळी आठवत नाही.

मग फॅन बेल्ट. त्याच पट्ट्यावर वीज बनवणारा डायनॅमो फिरतो आणि त्याच डायनॅमोच्या दांड्यावर इंजिन गार ठेवणारा पंखा. म्हणून चालवताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर 'बॅटरी चार्ज होत नाहीये, घरी जाऊन बघू' असं म्हणायचं नाही. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलाय. तिथल्या तिथे बाजूला घ्या, इंजिन बंद. मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा साधारण दीड सेंटीमीटर दबला पाहिजे. जास्त ढिला असेल तर पुलीच्या दोन अर्ध्यांमधली एखादी चकती काढून बाहेर लावतात, घट्ट असेल तर उलट. जादा पट्टा आणि पुलीच्या नटाला बसणारा पाना गाडीत हवाच, आणि घरी एकदा हातानं पट्टा बदलून बघा. मी बघितला नव्हता. मग एका रविवारी ए४३ रस्त्याच्या कडेला, बायको आणि मुलगी कुंपणापलीकडे गवतात बसून थालीपीठ खात असताना, मी तो पावणेदोन तास बदलत होतो. आता पंधरा मिनिटांत होतो.

व्हॉल्व्हची फट इंजिन पूर्ण गार असताना तपासा, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी. तिसऱ्या सिलिंडरकडे जास्त लक्ष द्या. या इंजिनांत ऑइल कूलर त्याच्या वाटेत उभा असतो, त्याला वारा कमी मिळतो, आणि जळालेला व्हॉल्व्ह निघाला तर बहुतेक वेळा तिथलाच. ऑइल अडीच लिटर, आणि खरा फिल्टर नाही, नुसती जाळी. त्यामुळे मोठ्या प्रवासाआधी ऑइल बदला, काटकसर करू नका.

एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात आणि तीच मला सगळ्यात भीतीदायक वाटते. बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिच्यावरचं झाकण हरवलं असेल आणि कुणी वजनदार पाहुणा फोटोसाठी मागे बसला, तर सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकतात, ठिणगी पडते आणि सीटमधला काथ्या पेट घेतो. झाकण नसेल तर जाड रबराचा तुकडा कापून बसवा, आजच.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. समतोल ओढतात का ते मोकळ्या रस्त्यावर बघा. विजेची यंत्रणा सहा व्होल्टची असेल तर दिवे म्हणजे समईच, म्हणून अंधारापूर्वी घरी पोचण्याचा बेत करा. ऑगस्टअखेरीला सूर्य आठच्या सुमारास मावळतो.

वाटेवर

३४ हॉर्सपॉवरची १२०० सीसी बीटल ताशी ११५ किलोमीटरपर्यंत जाते, असं पुस्तकात लिहिलंय. तुम्ही तासाला पंचावन्न मैलांवर राहा, ट्रकवाल्यांच्या रांगेत, आणि त्यांनी ओलांडताना स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. वाऱ्याचा झोत गाडी फूटभर सरकवतो.

चुंबकाचे गोल सीटवर ठेवून न्या. पहिल्या वर्षी मी हौसेनं दारावर लावून निघालो. मोटरवेवर डाव्या दाराचा ५३ सुटला, एकदा हवेत उलटला, आणि नॉर्थॅम्प्टनशायरच्या कुठल्याशा गव्हाच्या शेतात जाऊन पडला. मागे गाडी नव्हती म्हणून निभावलं. रात्रीही काढून ठेवायचे, खाली दव साचून रंग खराब होतो.

मुलं नेत असाल तर कायदा वाचून जा. मूळचे सीटबेल्ट नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही, आणि तीन वर्षांवरच्याला मागेच बसावं लागतं. आम्ही मुलगी मोठी होईपर्यंत दोन गाड्या घेऊन जायचो: मी बीटलमध्ये एकटा, त्या दोघी मागून साध्या गाडीत, चहाचा थर्मास त्यांच्याकडे. चालवायची धास्तीच वाटत असेल तर ट्रेलरवर घाला. बीटल जेमतेम साडेसातशे किलो, आणि साध्या कार लायसन्सवर आता साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. कुणी हसलं तर हसू द्या.

मैदानावर

सिल्व्हरस्टोन मुळात दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. १९४३मध्ये बॉम्बर विमानांसाठी बांधला, आणि १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत इथेच झाली. इतिहास सांगण्याचं कारण असं की विमानतळासाठी सपाट, उघडी जागा निवडतात, आणि वारा अजूनही तोच आहे. मंडपाच्या चारही पायांना पाण्याचे डबे बांधा. दार उघडताना हातानं धरा, नाहीतर वारा ते बिजागरीपर्यंत उलटवतो आणि शेजारच्याच्या नव्या रंगावर आपटवतो.

पोचल्याबरोबर इंजिनाखाली जाड पुठ्ठा किंवा उथळ ट्रे सरकवा. ऑइलचा थेंब न टाकणारी बीटल म्हणजे ऑइल संपलेली बीटल. गवत वाळलेलं असेल तर तापलेल्या सायलेन्सरखाली ते टेकत नाही ना ते बघा. चिखल असेल तर मात्र मिशी पिळून घ्या: इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर असल्यानं बीटल चिखलातून सुरेख निघते, आणि तुमच्या शेजारची लांबलचक स्पोर्ट्स कार ट्रॅक्टरची वाट बघत बसते.

आता प्लेट लावा, गोल लावा, मागचं झाकण उघडं ठेवा. लोकांना इंजिन बघायला आवडतं. गाडीसमोर एक पाटी असू द्या: मूळ गाडी कोणत्या सालची, कुठल्या सिनेमावरून केली, काय जुळत नाही. 'सिनेमातली खरी गाडी' असं कुठेही लिहू नका, कुणी विचारलं तर लगेच 'नक्कल आहे' म्हणा. बहुरूपी दाराशी खोटं बोलतो, पण जोंधळे घेताना खरं सांगतो. हर्बीचं चित्र असलेल्या वस्तू विकायला मांडू नका, त्या पात्रावर सिनेमावाल्यांचा हक्क आहे.

मुलं विचारतात, ही खरंच आपोआप चालते का? तेव्हा चित्रीकरणाची युक्ती सांगा. गाडी रिकामी दिसावी म्हणून एक चालक मागच्या बाजूला लपून ती चालवायचा. शिवाय सिनेमासाठी एक नाही, अनेक बीटल वापरल्या. पोरांचे डोळे मोठे होतात, आणि आईबापांचेही. मुलांना आत बसू द्या, पण आधी कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, चावलेलं आइस्क्रीम बाहेर ठेवायला सांगा. पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक माणूस 'आमच्याकडे होती' म्हणेल. ऐकून घ्या. एका आजोबांनी दाराचं हँडल नुसतं धरून ठेवलं होतं, बोलले काहीच नाहीत. मी पाच मिनिटं इंजिनात उगाच काहीतरी बघत राहिलो.

दुपारी शर्यती बघायला जा, गाडीपाशी कुणाला तरी बसवून. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या तयार करतात त्या आवारात, खऱ्या शर्यतीच्या गाड्या गर्दीतून ट्रॅककडे येतात. शिट्टी वाजली की मागे सरा, फोटो नंतर. मुलांच्या कानांना मफ हवेतच, हे आवाज टीव्हीवरचे नाहीत. जेवण घरून न्या, मैदानावरच्या रांगा आणि भाव दोन्ही लांब असतात. फक्त लोणच्याची बाटली गाडीत उघडू नका.

परेडची संधी मिळाली तर

कधी कधी क्लबांच्या गाड्यांना ट्रॅकवरून एखादी फेरी देतात. पुढे आयोजकांची गाडी, ओलांडायचं नाही, शर्यत नाही. आयोजकांना आधी दोन गोष्टी विचारा: शेजारी माणूस बसवता येतो का, आणि दारावरचे आकडे चालतील का. शर्यतीच्या ठिकाणी ट्रॅकवरच्या गाडीवरचा आकडा म्हणजे ओळख असते, आणि त्या दिवशी खरा ५३ दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. झाकायला सांगितलं तर मुकाट्यानं चुंबक काढा. निघण्यापूर्वी गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू काढा. माझा पाना एकदा क्लचखाली घरंगळला होता. पिवळा झेंडा दिसला तर वेग कमी, लाल दिसला तर हळू होऊन सांगतील तिथे थांबायचं. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा, कारण तिला डिस्क ब्रेक आहेत आणि तुम्हाला नाहीत. आणि 'सिनेमात हर्बी फेरारीला हरवतो' हे त्या पाच-सात मिनिटांपुरतं विसरा. त्यातल्या एका हर्बीत पोर्शचं इंजिन होतं. तुमच्यात नाही.

निघताना

सगळे एकदम निघतात तेव्हा निघू नका. तासभर थांबा, चहा प्या. रांगेत तापून बंद पडलेली गाडी ढकलण्यापेक्षा ते स्वस्त. प्लेट काढली का, गोल काढले का, पुठ्ठा उचलला का, ऑइलची काठी बघितली का, एवढं करून मग चावी फिरवा.

घरी पोचल्यावर त्याच रात्री काही करू नका. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बँक हॉलिडेच्या सोमवारी, चाकांच्या कमानींतला आणि पायपाट्यांखालचा चिखल पाइपनं धुवून काढा. तो तिथेच वाळला तर दारांखालच्या हीटरच्या पोकळ्या आतून गंजतात, आणि त्या बदलायच्या म्हणजे गाडीचं वरचं अंग उचलावं लागतं. मग बॅटरीची वायर काढा, काचेवरचे बोटांचे ठसे पुसा, आणि काय सैल झालं, काय गळलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात पासाचा अर्ज भरताना ती वही शेजारी लागते.